वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : उन्हाळ्यातले उद्योग

प्रश्न : मागच्या मे महिन्यात पेपरात नागपूरची शून्य सावलीची (सूर्य नेमका माथ्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते त्या क्षणाची) तारीख आणि वेळ आली होती : २६ मे, दुपारी १२ वाजून १० मिनिटे. आम्ही त्याच दिवशी, त्याच वेळेला शाळेच्या अंगणात चार फुटांची काठी रोवली. सावली गेलीच नाही. पश्चिमेला बोटभर उरली. पोरं हिरमुसली. कुठे चुकलं? (शिक्षिका, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : तारीख एका दिवसाने चुकली, पण त्याने फारसे बिघडत नाही. बिघडले ते वेळेत. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. तिथून पश्चिमेला दर अंशामागे सूर्य चार मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. आर्वी नागपूरच्या पश्चिमेला पाऊण अंशाहून थोडी जास्त आहे, म्हणून तुमच्याकडे माध्यान्ह साधारण १२.१४ ला होते. चार मिनिटांत सूर्य जवळजवळ एक अंश सरकतो, आणि एका अंशाला चार फुटी काठीची सावली दोन सेंटिमीटर पडते. तुमचे बोट तेच. सावली पश्चिमेला होती म्हणजे सूर्य अजून माथ्यावर यायचा होता. आणखी चार मिनिटे थांबला असता तर काम झाले असते. उलट तारखेचा एक दिवस चुकला तर त्याच काठीला फरक पडतो जेमतेम चार मिलिमीटरचा. पेपरवाले तारीख मोठ्या अक्षरात छापतात आणि वेळ एकाच शहराची देतात, तिथेच गोंधळ होतो.

विदर्भात सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येतो. म्हणून शून्य सावली चंद्रपूरला २० मे, यवतमाळला २२, वर्ध्याला २४, अमरावती आणि आर्वीला २५, नागपूर-भंडाऱ्याला २६, गोंदियाला २८ मे. वेळ गोंदियात १२.०६ च्या सुमारास, अकोल्यात १२.१९, बुलढाण्यात १२.२२.

दुसरी चूक काठीची असते. जमिनीत रोवलेली काठी एक अंश कललेली डोळ्याला कळत नाही, पण सावली पुन्हा दोन सेंटिमीटरने फसवते. काठीच वापरायची तर ओळंबा सोडून दोन बाजूंनी तपासा : एकदा उत्तरेकडून, एकदा पूर्वेकडून. त्यापेक्षा दोन इंची पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा बरा. तो प्लंबरकडून काटकोनात कापून घ्या. घरच्या करवतीने टोक तिरपे कापले जाते आणि पाइप कलतो. रेतीच्या थरावर फरशीचा तुकडा ठेवून गवंड्याच्या लेव्हलने तो समपातळीत आणा आणि त्यावर पाइप उभा करा. १२ वाजल्यापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. खुणा पश्चिमेकडून पाइपाकडे येतील, मग पूर्वेकडे निघतील. मधल्या क्षणी पाइपाच्या तळाशी सगळीकडे ऊन पोचते. सूर्याची तबकडीच अर्ध्या अंशाची असल्यामुळे अडीच-तीन मिलिमीटरची धूसर कड तरीही राहणारच. पाइपातून वर सूर्याकडे कोणीही डोकवायचे नाही, हे पोरांना आधीच बजावा.

यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत आपल्याकडे माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ढग नसतील तर आर्वीत चार फुटी काठीची सावली दक्षिणेला पाच सेंटिमीटर मोजता येईल. जुलैत सूर्य परतताना शून्य सावली पुन्हा येते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, याच सुमारास, २५ मेपासून सुरू होतो. पण सूर्य माथ्यावर सव्वाबाराला असला तरी पारा चढतो तो तीन-चारच्या सुमारास, कारण जमीन तोवर तापतच राहते. प्रयोग आटोपला की पोरांना लगेच सावलीत घ्या.

प्रश्न : सांदवाडीत (परसात) पाखरांसाठी स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवतो. पाखरं कमी, मधमाश्याच जास्त येतात आणि बुडून मरतात. (वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी पातेले बदला. धातूचे भांडे दहा वाजताच चटके देते, त्याच्या गुळगुळीत काठावर पाखराचा पाय ठरत नाही आणि खोल पाण्यात ते उतरत नाही. कुंभाराकडची पसरट, खरबरीत मातीची परात घ्या. पाणी दोन इंचांच्या वर नको, मध्ये एक चपटा दगड पाण्याबाहेर डोकावेल असा ठेवा. जागा सावलीची हवी, पण झुडपाला चिकटून नको, तिथे मांजर दबा धरते. सहा-आठ फूट मोकळे अंतर ठेवा. सकाळी सात ते नऊ आणि चारनंतर वर्दळ असते. वीस फुटांवर बाजेवर गप्प बसलात तर बुलबुल, सातभाई, दयाळ, साळुंकी, होला दिसतील. एकदम सगळे चिडीचूप झाले तर वर बघा, शिक्रा हा शिकारी पक्षी आलेला असतो.

मधमाश्या पाणी नेतात ते पोळे गार ठेवायला, त्यांना हाकलू नका. त्यांच्यासाठी वेगळे थाळे ठेवा. त्यात जाड रेती भरून ती भिजेल इतकेच पाणी घाला, किंवा गोणपाटाचे एक टोक पाण्यात आणि दुसरे काठाबाहेर ठेवा. ओल्या गोणपाटावर बसून त्या पितात. दोन्ही भांडी दहा-बारा फूट लांब ठेवा.

जुने पाणी रोज ओतून टाका आणि दोन-तीन दिवसांनी नारळाच्या शेंडीने परात घासा, साबण नको. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण डेंग्यूचा डास अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो आणि ती सुकूनही जिवंत राहतात. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. शिळा भात पाण्याशेजारी ठेवू नका, तो दुपारपर्यंत आंबतो. ज्वारी-बाजरी मूठभर पुरे.

प्रश्न : सुटीत निसर्गाची वही लिहायची आहे. काय लिहावं? (विद्यार्थी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : तारीख, वेळ, ठिकाण, आणि मग जे दिसले ते. मनात आलेले लिहायला हरकत नाही, पण ते पानाच्या दुसऱ्या बाजूला. गावातले एकच झाड धरा आणि आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ जा : पाने किती गळली, पालवीचा रंग, फळ कच्चे की पिकलेले, कोण खायला आले. काही दिसले नाही तर तेही लिहा. पुढच्या वर्षी ताडून पाहताना तीच नोंद कामी येते. पेन्सिलीने लिहा, घामाने शाई पसरते.

प्रश्न : मे महिन्यात लोणारला एका दिवसात जाऊन यायचे आहे. सरोवराचे गुलाबी पाणी दिसेल का? (वाचक, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम)

उत्तर : त्या आशेने जाऊ नका. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले ते पातळी घटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे सूक्ष्मजीव फोफावले म्हणून. एरवी ते हिरवेच असते. बघण्यासारखे तर विवरच आहे : बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. सहाच्या आत काठावर पोचा. सगळा काठ फिरायचा तर सहा किलोमीटर होतात. उन्हाळ्यात अर्धा पुरे. खाली उतरणार असाल तर साडेआठला परत वर यायला लागा. उतरताना कळत नाही, चढताना मात्र खालची हवा कोंदट असते आणि तिथेच लोकांना चक्कर येते. सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे, पिण्याचे नाही. माणशी तीन लिटर पाणी सोबत घ्या, त्यातल्या लिटरभरात मीठ-साखर घाला. हे अभयारण्य आहे, तिथला दगड खिशात घालू नका. ऊन चढले की गावातल्या दैत्यसूदन मंदिरात जा. कोरीव काम शांतपणे बघायला तासभर लागतो आणि दगडी मंडप गार असतो. त्याच दिवशी शेगावही उरकू म्हणाल तर दोन्ही धड होत नाही. मेहकरचा शारंगधर बालाजी मात्र जवळ आहे.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात कडुनिंब आणि बहाव्याच्या बिया जमवून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या. यंदा लावल्या तर कडुनिंब एकही नाही, बहावा दोनच उगवले. (वाचक, ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : दोघांच्या तऱ्हा अगदी उलट्या आहेत. कडुनिंबाचे बी काही आठवड्यांतच मरते. पिवळी निंबोळी जून-जुलैत वेचा, त्याच दिवशी रेतीत चोळून गर धुवा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि पंधरा दिवसांच्या आत आडवे, एक सेंटिमीटर खोल लावा. उन्हात वाळवले किंवा प्लास्टिकमध्ये कोंडले की गेले. जांभूळ, आंबा आणि मोहाची टोरी (बी) यांना तर सुकूच देऊ नका. आंब्याची कोय चिरून आतली गिरी लावली तर लवकर उगवते. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते, तेही ताजेच लावा.

बहाव्याचे बी वर्षानुवर्षे टिकते, पण कवच इतके कठीण की पाणी आत शिरत नाही. काळ्या शेंगेतल्या चकत्यांमधून बी काढून धुवा. पाणी उकळून चुलीवरून उतरवा, त्यात बी टाका आणि २४ तास तसेच राहू द्या. चुलीवर ठेवून उकळू नका, अंकुर शिजतो. फुगलेले बी लगेच लावा. न फुगलेले एका कडेला खरबरीत दगडावर घासून पुन्हा भिजवा.

रोपांची पिशवी ५ बाय ७ इंचांची, तळाला भोके असलेली. नुसती काळी माती भरू नका : ओली असताना ती मुळे कुजवते, सुकली की भेगाळून मुळे तोडते. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेले शेणखत. रोप यंदा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावायची घाई नको. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पिशवीतच ठेवा आणि महिन्यातून एकदा पिशवी उचलून जागा बदला, नाहीतर मूळ खालच्या जमिनीत शिरते आणि लावणीच्या वेळी तुटते.