मूळचा हॉर्न की हुबेहूब नवा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

खानदेशात जुन्या गाड्या वाड्याच्या ढेलजेत, केळीच्या मळ्यातल्या शेडमध्ये नाहीतर जिनिंगच्या गोडाऊनमागे ताडपत्रीखाली निघतात. गाडी घरचीच असते, आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेली. इंजिन, ब्रेक, टायर, रंग यावर पैसा लागून जातो आणि हॉर्नची पाळी सगळ्यात शेवटी येते, तेव्हा हातही आखडता असतो आणि घाईही झालेली असते. नेमका याच टप्प्यावर मूळचा हॉर्न भंगारात जातो. माझं मत आधीच सांगतो. गाडीचा स्वतःचा हॉर्न हाताशी असेल तर तो उघडून बघितल्याशिवाय नव्याचा विचार करू नये. हुबेहूब नवा घ्यायचा तो जुना नाहीच, किंवा आतून पार संपला आहे, अशा वेळी.

प्रश्न (फैजपूर) : आजोबांची 1959 ची अँबेसेडर आहे. लुकास या ब्रिटिश कंपनीचा शिक्का असलेला हॉर्न एकदा ‘टक’ करतो आणि गप्प होतो. मिस्त्री म्हणतो, फेका आणि नवा बसवा. काय करू?

भाऊ, ‘टक’ होतंय ही चांगली खूण आहे. कॉइल, म्हणजे आतलं तारेच्या वेढ्यांचं चुंबक, जिवंत आहे, तिने आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला ओढलं आहे. फक्त पुढची उघडझाप होत नाही.

आत काय घडतं ते पाहा. करंट वाहू लागला की कॉइल पोलादी पडदा ओढते. पडदा ओढला गेला की पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, उघडतात, करंट तुटतो, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा जुळतात. खालच्या सुराच्या हॉर्नमध्ये हे सेकंदाला 400 च्या आसपास वेळा होतं. पॉइंट चिकटून बसले किंवा ॲडजस्टमेंट हलली तर पडदा ओढलेलाच राहतो. तुमच्याकडे बहुधा तेच झालं आहे.

हॉर्न गाडीवरून उतरवा आणि जाड वायरने थेट चांगल्या बॅटरीला लावा. तिथे वाजला तर दोष हॉर्नचा नाहीच. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नचं बटण अर्थ (गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी) जोडतं, आणि स्टिअरिंगमधून येणारी ती अर्थ गंजलेली असते. बॅटरीवरही ‘टक’च होत असेल तर मागचा ॲडजस्टमेंटचा छोटा स्क्रू शोधा. हॉर्न जेमतेम बंद पडेल तिथपर्यंत तो एका बाजूला न्यायचा आणि मग उलट दिशेने पाव फेरा आणायचा. बटण एका वेळी सेकंदभरच दाबायचं, नाहीतर पॉइंट जळतात. सोबत अँपिअर मीटर लावा. 12 व्होल्टचा एक हॉर्न प्रकारानुसार साधारण 4 ते 8 अँपिअर घेतो. त्याहून फार जास्त घेत असेल तर पॉइंट उघडत नाहीत असं समजा. मधोमध खाच असलेला दांडा आणि त्यावरचं चेकनट मात्र हलवू नका. कारखान्यात लावलेलं अंतर त्यावर असतं, ते गेलं की परत मिळवणं फार कठीण.

एवढ्यानेही जमलं नाही तर उघडायचा. झाकण रिव्हेटने बंद असेल तर रिव्हेट ड्रिल करून काढा आणि बंद करताना बारीक स्क्रू वापरा. पॉइंट साफ करायला कानस नको, बारीक पॉलिश पेपरची पट्टी पुरे. पडद्याला तडा गेला आहे का ते उजेडात धरून बघा. कडेला गंजाचे ठिपके असतील तर चालतं, भोक किंवा तडा असेल तर पडदा गेला. गॅस्केट मूळच्या जाडीचीच घाला. जाडी बदलली की पडदा आणि कॉइल यांच्यातलं अंतर बदलतं, मग कितीही स्क्रू फिरवा, आवाज घोगराच येतो.

एक सूचना कळकळीने करतो. रंगासाठी हॉर्न जसाच्या तसा पावडर कोटिंगला देऊ नका. ती भट्टी 180 ते 200 अंशांची असते, जुन्या कॉइलचं इन्सुलेशन तिथेच जातं. सँडब्लास्टिंगने पातळ पडद्याचा ताण बिघडतो. कवच वेगळं करा, फक्त तेच रंगवा. हॉर्नच्या अंगावर बारीक आकड्यांत महिना आणि साल ठोकलेलं असू शकतं, लुकासच्या मालावर ही पद्धत होती. त्यावर पुटी भरू नका. गाडीच्या सालाशी जुळणारा तो आकडा म्हणजे हॉर्न मूळचाच असल्याचा पुरावा, आणि असा हॉर्न बाजारात विकत मिळत नाही.

प्रश्न (धुळे) : 1930 ची फोर्ड मॉडेल ए घेतली. हॉर्न जागेवर नव्हताच. परदेशातून हुबेहूब नवा मागवावा, की जुना शोधून दुरुस्त करावा?

तुमच्या गाडीचा स्वतःचा हॉर्न आता कुठेच नाही. दुसऱ्या गाडीचा जुना आणलात तरी तो दुसऱ्या गाडीचाच. म्हणून इथे नवा घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. फोर्डने मॉडेल ए साठी एकापेक्षा जास्त पुरवठादारांकडून हॉर्न घेतले होते, स्पार्टन हा त्यांतला एक. त्यामुळे मागची टोपी थोडी वेगळी दिसली म्हणून कुणी चूक काढली तर लगेच मान्य करू नका.

या हॉर्नमध्ये पॉइंटची उघडझाप नसते. आत छोटी मोटार असते. तिच्या टोकाला दातेरी चाक, आणि त्या चाकाचे दाते पडद्याच्या मध्यावरच्या बटणावर घासत जातात. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की मोटार वेग घेते, सूर वर चढतो. सोडलं की मोटार हळूहळू थांबते, सूर खाली येतो. ‘आ-ऊ-गा’ हा चढउतार तिथून येतो. 1908 च्या सुमारास अमेरिकेत क्लॅक्सन नावाचा हॉर्न निघाला, तो याच जातीचा.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारायचा : आत खरोखर मोटार आणि दातेरी चाक आहे का? काही स्वस्त मालात कवच जुन्या घाटाचं असतं आणि आत साधा आधुनिक हॉर्न किंवा आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. लांबून ते कळत नाही, गाडीजवळ उभा राहणाऱ्याला पहिल्या दोन सेकंदांत कळतं. चालू असताना घेतलेला व्हिडिओ मागा, मागचं झाकण काढलेला फोटो मागा. दुसरा प्रश्न व्होल्टचा. मॉडेल ए 6 व्होल्टची, तीही पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली. प्रतिकृती 6 आणि 12, दोन्हींत मिळतात, ऑर्डर देताना स्पष्ट लिहा.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मोटारवाला जुना हॉर्न रास्त भावात दिसलाच तर उचलून ठेवा. कार्बन ब्रश आणि कम्युटेटर दुरुस्त होतात, स्टार्टर-डायनॅमो करणारा कुठलाही कारागीर ते करेल. दाते झिजले असतील तर काम वाढतं. लेथवर चाक कापून मिळेल, पण पोलाद कडक केलेलं नसेल तर महिनाभरात दाते गोल होतात.

नवा बसवलात की त्याच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही असं, बसवल्याचं साल कोरून ठेवा. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे फिवाचा, ट्यूरिन जाहीरनामाही बदललेल्या भागावर कायमची खूण असावी असंच म्हणतो. पन्नास वर्षांनी ही गाडी ज्याच्या हाती येईल त्याला खरं काय ते कळलं पाहिजे.

प्रश्न (जळगाव) : आमची 6 व्होल्टची जीप वडिलांनी 12 व्होल्टवर करून घेतली. जुना 6 व्होल्टचा हॉर्न तसाच चालेल का?

वाजेल आणि जळेल. व्होल्टेज दुप्पट म्हणजे करंट जवळपास दुप्पट, आणि कॉइलमधली उष्णता चौपट. आपल्याकडच्या मे महिन्यात, जिथे पारा 45 च्या वर जातो, तिथे तर लवकरच.

रेझिस्टन्स लावून चालवता येतं, पण तो तापतो आणि आवाज कमजोर येतो. मला कॉइल नव्याने भरून घेणं जास्त पटतं. वेढे दुप्पट, तारेची जाडी क्षेत्रफळाने निम्मी, एवढाच हिशोब. विहिरीच्या मोटारी भरणारा कारागीर आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात आहे. त्याच्यासमोर जुनी कॉइल सोडा, वेढे मोजून लिहून घ्या आणि एनॅमलच्या चांगल्या तारेने भरायला सांगा. शेवटी व्हार्निश पाजून नीट वाळू द्या. बाहेरून हॉर्नचा एक स्क्रूसुद्धा बदलत नाही.

प्रश्न (पाचोरा) : वडील आखाजीला आत्याला आणायला फियाट 1100 घेऊन जायचे. वळणावरून हॉर्न ऐकला की आत्या दारात यायची, असं ती अजून सांगते. नवे हॉर्न बसवले, पण आत्या म्हणते, ‘हा आपल्या गाडीचा आवाज नाही.’ जुने दोन्ही मोडके हॉर्न जपून ठेवले आहेत. तो आवाज परत येईल का?

ताई, तुमच्या आत्याचा कान बरोबर आहे. आणि तुम्ही मोडके हॉर्न टाकले नाहीत, त्यामुळे आवाज परत येण्याची बरीच आशा आहे.

आधी जुने हॉर्न कोणत्या जातीचे आहेत ते बघा. पुढे गोल वळलेली नळी आणि रुंद तोंड असेल तर त्याचा सूर मुख्यतः त्या नळीतल्या हवेच्या लांबीवर ठरतो. नळी पिचकलेली नसेल तर सूर अजून तिच्यातच आहे. कॉइल, पॉइंट, पडदा बदलले तरी तो फारसा हलत नाही. पुढे नुसती चपटी थाळी असेल तर गोष्ट नाजूक आहे. तिथला तीक्ष्ण आवाज पडदा आणि त्यावरची थाळी मिळून काढतात. डफाचं पान बदललं की बोल बदलतो, तसाच इथे जाड पडदा घातला तर आवाज चढा आणि कोरडा होतो. पडदा बदलायचाच असेल तर जुन्याची जाडी मायक्रोमीटरने मोजून तेवढाच घ्या. थाळीवर रंगाचे जाड थर देऊ नका.

दोन हॉर्नची जोडी असते तेव्हा एक खालच्या सुराचा आणि एक वरच्या. आज सर्रास मिळणाऱ्या जोडीत हे सूर साधारण 400 आणि 500 हर्ट्झच्या आसपास असतात. जुन्या जोडीतलं अंतर थोडं वेगळं असू शकतं, आणि कानाला ओळखीचा वाटतो तो दोन सुरांचा मेळ. म्हणून एकच जुना दुरुस्त करून त्याच्या जोडीला एक नवा लावू नका. दोन्ही करा. एक एक वेगळा वाजवून बघा, दुसऱ्याची सुटी वायर बॉडीला लागणार नाही याची काळजी घ्या. मोबाइलवर सूर मोजणारी ॲप असतात, त्यात दोन्ही आकडे नोंदवा.

बसवताना मूळची पत्र्याची पट्टी वापरा. थाळीवाला हॉर्न थोडा लवचीक टांगलेला लागतो. तो चासीला घट्ट आवळला, किंवा थाळी कुठे ग्रिलला टेकली, तर आवाज दबतो. सगळं झालं की आत्यांना गाडीपासून लांब, घराच्या दारात उभं करा आणि वळणावरून वाजवा. जवळून आणि लांबून ऐकलेल्या हॉर्नमध्ये फरक असतो, आणि त्यांच्या कानात लांबूनचा आवाज आहे.

प्रश्न (चोपडा) : रबरी फुग्याचा पितळी भोंगा ‘शंभर वर्षं जुना’ म्हणून विकत मिळतोय. जुना की नवा, कसं ओळखू?

मुरादाबादसारख्या ठिकाणी पितळेची अशी कामं आजही चालतात. भोंगा नवा असणं हा दोष नाही. नव्याला जुना म्हणून जुन्याचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, आणि ती मला सहन होत नाही.

काळवट-हिरवट थर सगळीकडे सारखा असेल तर तो बहुधा रसायनाने आणलेला. खऱ्या जुन्या भोंग्यावर हाताची जागा गुळगुळीत असते आणि मळ वळणाच्या खोबणीत असतो. पट्टीवरचे स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू गाड्यांत 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर आला. 1915 चा म्हणून दाखवलेल्या भोंग्यावर तो असेल तर निदान तो स्क्रू तरी नवा. ब्रिटिश मालात बी. ए. (ब्रिटिश असोसिएशन) मापाच्या आट्यांचे स्क्रू सर्रास असत. 5 मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू तिथे सरळ बसत असेल तर संशय घ्या. फुगा मात्र निकष धरू नका. रबर टिकत नाही, त्यामुळे खऱ्या जुन्यालाही फुगा नवाच असतो. हवेने थरथरून आवाज काढणारी आतली पितळी पत्ती काढून बघा. तिच्यावरची झीज खोटी करणं कठीण असतं.

प्रश्न (नंदुरबार) : व्हिंटेज नोंदणीत नवा हॉर्न आड येईल का?

2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. हॉर्न हा काही मोठा फेरफार नव्हे. पण एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी गाडीला चालत नाही. वरातीसाठी कुणी तसा लावून दिला असेल तर तपासणीआधी काढा.

प्रश्न (रावेर) : दुरुस्त केलेला हॉर्न वर्षभरात पुन्हा बंद पडला. गाडी मळ्यातल्या शेडमध्ये असते.

तोंडातून टॉर्च मारून बघा. शेडमधल्या गाडीच्या हॉर्नमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि वळलेल्या नळीत तर ते बाहेरून दिसतही नाही. तारेने खरवडू नका, कोमट पाणी पडद्याकडे जाणार नाही अशा बेताने फक्त नळी वेगळी काढून धुवा. घर नसेल तर पॉइंटवर ओल आली असणार. केळीच्या मळ्यात पाणी रोज चालू असतं. नळीचं तोंड खाली आणि किंचित पुढे राहील असं बसवा, गाडी उभी असताना तोंडावर सुती कापड बांधा आणि पंधरवड्यातून एकदा इंजिन चालू करून हॉर्न दोन-तीनदा वाजवा. पॉइंट वापरात राहिले की साफ राहतात. कापड मात्र आधी सोडा.