वाचक विचारतात : रेकॉर्ड धुवायला अल्ट्रासॉनिक मशीन घ्यावं का?

घरात वडिलांच्या २२० एलपी आहेत. दोन पावसाळे त्या माळ्यावर पडून होत्या, निम्म्याअधिक रेकॉर्डना बुरशी लागली आहे. मित्र म्हणतो अल्ट्रासॉनिक मशीन घे, नव्यासारख्या वाजतील. एवढा खर्च करावा का?
*— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर*

तुमच्या बाबतीत उत्तर 'हो' आहे, पण 'नव्यासारख्या' हा शब्द आधी बाजूला ठेवा. हे मशीन मळ काढतं. सुई जिच्यातून धावते ती झिजलेली खाच ते भरून देत नाही आणि ओरखडाही पुसत नाही. म्हणून पैसे घालण्याआधी रेकॉर्ड कान देऊन ऐका. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद लागतात. बरोबर तेवढ्या अंतराने 'टक्, टक्' येत असेल तर तो ओरखडा आहे. गायकाने सूर चढवला की आवाज फाटत असेल, तर बोथट सुईने किंवा सुई जड दाबणाऱ्या प्लेअरने खाच खाल्लेली आहे. या दोन्हींना धुण्याचा उपयोग नाही. खरखर मात्र अनियमित, सगळीकडे पसरलेली आणि दोन गाण्यांमधल्या शांत जागेत जास्त जाणवणारी असेल, तर तो मळ किंवा बुरशी आहे. तिथे मशीन पैसे वसूल करून देतं.

कसं, ते थोडं समजून घेऊ. टाकीच्या तळाला चिकटवलेले ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरणाऱ्या चकत्या, पाण्याला सेकंदाला ४० हजार किंवा त्याहून जास्त वेळा हादरवतात. त्यातून सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. फुटताना बसणाऱ्या फटक्याने खाचेच्या भिंतीवरचा मळ सुटतो. एलपीची खाच वरच्या बाजूला जेमतेम ५० ते ८० मायक्रॉन रुंद असते, माणसाच्या केसाएवढी. ब्रशचा केस तिच्या तळापर्यंत जाईलच असं नाही, पाणी मात्र जातं. कंपनसंख्या जितकी जास्त, तितका बुडबुडा लहान आणि फटका सौम्य. बाजारात सहज मिळणारी मशीनं ४० किलोहर्ट्झची असतात. खास रेकॉर्डसाठी बनवलेल्यांपैकी एस्टोनियातलं 'डीग्रिटर' १२० किलोहर्ट्झवर चालतं, तर 'हमिनगुरू' ४० वर. बारीक खाचेसाठी १२० सरस, यात वाद नाही. पण ४० ची टाकी वापरली म्हणून एलपी खराब होते, असंही नाही. वेळ आणि तापमान पाळलं की झालं.

तरीही बुरशी लागलेली रेकॉर्ड थेट टाकीत घालू नका, ही चूक सर्रास होते. पहिल्या तीन रेकॉर्डची घाण पाण्यात उतरते आणि पुढच्या सगळ्या त्याच पाण्यात बुडतात. आधी गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने वरची बुरशी झाडा. मग चार भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, ब्रश फिरवून हाताने धुवा. हे प्रमाण फक्त व्हिनाइलसाठी, म्हणजे एलपी ज्या प्लास्टिकच्या असतात त्यासाठी आहे. लाखेच्या तबकड्यांचं पुढे वेगळं सांगितलं आहे. दहा रेकॉर्ड अशा धुऊन ऐका. एवढ्यानेच समाधान झालं तर मशीनचे पैसे वाचले. शांत जागी अजून बारीक चरचर राहत असेल, तर ती काढणं हे टाकीचं काम.

आमचं मत विचाराल तर पन्नास-साठ रेकॉर्डसाठी हे मशीन घेऊ नये. दोनशेच्या पुढे, त्यातही आपल्याकडच्या पावसात भिजट झालेल्या संग्रहासाठी, ते उपयोगी आहे. दोघा-तिघांनी मिळून घेतलं तर अधिकच.

गुजरीत ओळखीच्या सराफाकडे दागिने धुण्याचं ३ लिटरचं अल्ट्रासॉनिक मशीन आहे. ते दोन दिवस आणून वापरलं तर चालेल?
*— एक वाचक, मंगळवार पेठ*

एलपीला चालणार नाही, ती आत बसतच नाही. हिशेब असा: एलपीचा व्यास ३० सेंमी, लेबलचा साधारण १० सेंमी. लेबल कोरडं ठेवून सगळ्या खाचा भिजवायच्या तर रेकॉर्ड साडेनऊ सेंमी बुडायला हवी. एवढी बुडाली की पाण्याच्या पातळीवर तिची रुंदी साधारण २८ सेंमी होते. ३ लिटरची टाकी आतून २४ सेंमीच्या आसपास लांब असते. ३० × १५ × १५ सेंमीची ६ लिटरची टाकी मात्र नेमकी पुरते. म्हणूनच घरी जुळणी करणारे सगळे ६ लिटरचीच घेतात.

ईपी, म्हणजे लहान रेकॉर्ड, बसेल. तिचा व्यास साडेसतरा सेंमी, ती चार सेंमी बुडवली की काम होतं आणि पाण्याच्या पातळीवरची रुंदी १५ सेंमीच्या आत राहते. पण सराफाच्या टाकीत पॉलिशचं मेण आणि अमोनियाचं द्रावण असतं. टाकी साबणाने दोनदा घासा, डिस्टिल्ड वॉटर भरून दहा मिनिटं रेकॉर्ड न घालता चालवा, ते पाणी ओता, मगच ईपी घाला. पाण्यावर बोट फिरवल्यावर तेलकट तवंग दिसला तर पुन्हा धुवा.

६ लिटरचं मशीन घेतलं आहे. रेकॉर्ड फिरवायची सोय घरी कशी करावी? पाण्यात काय आणि किती घालायचं?
*— एक वाचक, कसबा बावडा*

आधी मशीनची परीक्षा घ्या. पाणी भरा, स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरून अर्धा ते एक मिनिट बुडवा. बोटं पाण्यात नकोत, फॉइल चिमट्याने धरा. त्यावर सगळीकडे सारखी बारीक भोकं पडायला हवीत. एका बाजूला फॉइल गुळगुळीतच राहिलं तर तिकडचा ट्रान्सड्यूसर मेला आहे. मशीन परत करा.

फिरवण्याची जोडणी शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवर होईल. ७ मिमी जाडीचा स्टेनलेस स्टीलचा दांडा घ्या; रेकॉर्डचं भोक त्याहून किंचित मोठं असतं. दोन रेकॉर्डमध्ये घालायला नायलॉनच्या २५ मिमी जाडीच्या गोल चकत्या कापून घ्या. लेबल झाकायला साडेदहा सेंमी व्यासाच्या अॅक्रिलिकच्या चकत्या हव्यात, कडेला रबरी रिंगसाठी खाच पाडलेल्या. एका वेळी तीनच रेकॉर्ड लावा. चौथी बसते, पण गर्दी झाली की लहरी अडतात आणि मधल्या रेकॉर्ड अर्धवट धुतल्या जातात. रेकॉर्डची खालची कड तळापासून अडीच सेंमी वर राहू द्या. पाणी १२ सेंमी भरलं की रेकॉर्ड साडेनऊ सेंमी बुडते आणि लेबल पाण्यापासून अर्धा सेंमी वर राहतं. दांडा तळापासून साडेसतरा सेंमीवर, म्हणजे टाकीच्या काठाच्या अडीच सेंमी वर येतो.

मोटर १२ व्होल्टची गिअर मोटर घ्या, मिनिटाला अर्धी ते एक फेरी. मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर बरेच जण सुचवतात, ती घेऊ नका. ती मिनिटाला पाच-सहा फेऱ्या फिरते, पाणी ढवळतं आणि बुडबुड्यांचा जोर जातो.

पाण्याचं: ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानातलं घेत असाल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घालून बघा, आकडा ५ च्या वर नको. घरच्या आरओचं पाणी वापरू नका. त्यात प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांकडे मिळणारं ट्रायटन एक्स-१०० (मळ सोडवणारं साबणासारखं द्रव्य) फक्त १ मिली. हे मधासारखं घट्ट असतं, थेंब मोजून घालायला गेलात की जास्त पडतं. म्हणून आधी १० मिली ट्रायटन ९० मिली पाण्यात हळूहळू विरघळवून ठेवा आणि दर वेळी त्यातलं १० मिली सिरिंजने घाला. भांडी घासायचं लिक्विड नको. त्यात सुवास, रंग आणि मीठ असतं, ते खाचेत बसतं. अल्कोहोलही टाकीत घालू नका. उघड्या टाकीतून वाफ वर येते आणि शेजारी विजेची मोटर चालू असते. एवढा धोका पत्करावा असा फायदा त्यात नाही.

नवं पाणी भरलं की दहा मिनिटं टाकी रेकॉर्ड न लावता चालवा. पाण्यात विरघळलेली हवा निघून गेल्याशिवाय बुडबुडे नीट फुटत नाहीत. मग रेकॉर्ड लावून १५ मिनिटं. 'पाच मिनिटं पुरे' असं ऐकायला येतं, ते या जोडणीला लागू नाही. रेकॉर्ड पूर्ण बुडलेली नसते. बाहेरची खाच फेरीतला साधारण ३८ टक्के वेळ पाण्यात असते, लेबलजवळची फक्त १८ टक्के. म्हणजे १५ मिनिटांत शेवटच्या गाण्याला जेमतेम पावणेतीन मिनिटं मिळतात.

हीटर कायम बंद. टाकी चालता चालता आपोआप तापते, पाणी ३५ अंशांवर गेलं की थांबा. एप्रिल-मेमध्ये दुपारी आपल्याकडे नुसतं भरलेलं पाणीच तिशी ओलांडतं, तेव्हा हे काम सकाळी करा. व्हिनाइल ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण वाकायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होऊ शकते.

तेच पाणी किती रेकॉर्डना चालतं?
*— एक वाचक, शाहूपुरी*

हाताने आधी धुतलेल्या असतील तर १५ ते २०. गाळणी लावली तर त्याच्या दुप्पट. आरओ दुरुस्तीवाल्याकडे १० इंची हाउसिंग, १ मायक्रॉनचा स्पन फिल्टर आणि छोटा बूस्टर पंप मिळतो. पंप दोन खेपांच्या मधल्या वेळात चालवा, धुणं चालू असताना नको. फिल्टरमुळे कण जातात, विरघळलेला मळ जात नाही, म्हणून पाणी पिवळसर दिसलं की ओतून द्या.

आजोबांच्या ७८ च्या तबकड्या आहेत, जयपूर-अत्रौली घराण्यातल्या काही गायिकांच्या. त्याही याच टाकीत धुता येतील?
*— एक वाचक, शिवाजी पेठ*

नका घालू. कळकळीने सांगतो आहोत. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचं वास्तव्य या शहरात होतं, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचं गाणं ७८ च्या तबकड्यांवर उतरलं आहे. अशी एखादी तबकडी तुमच्याकडे असेल तर ती खराब होणं भरून निघणारं नाही.

७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी, तबकडी लाखेची असते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडाला लावायचं फ्रेंच पॉलिश म्हणजे तेच. अमोनियानेही ती विरघळते, म्हणून काच पुसायचे स्प्रे वर्ज्य. लाखेत दगडाची पूड आणि कापसाचे तंतू मिसळलेले असतात, काही तबकड्यांच्या पोटात वेगळा थर असतो. कडेच्या टवक्यातून पाणी आत शिरलं की थर फुगतात. केसाएवढी तडा आधीच असेल, तर टाकीतल्या हादऱ्यांनी ती पुढे सरकते.

भारतात ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, तेव्हा 'ही काही फार जुनी नाही' एवढ्यावरून ती व्हिनाइलची आहे असं धरू नका. लाखेची तबकडी जड असते, वाकत नाही आणि कडेला नखाने टिचकी मारली की खणखणते. व्हिनाइल बद्द वाजतं.

धुण्याची रीत साधी आहे. वर टाकीसाठी सांगितलेलंच ट्रायटनचं पाणी, साध्या तापमानाचं. लेबलवर प्लास्टिकची चकती दाबून धरा, मऊ ब्रशने एक बाजू अर्धं मिनिट गोल घासा, लगेच डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मायक्रोफायबरने टिपा आणि उभी वाळवा. भिजत ठेवू नका. आणि वाजवताना ७८ ची सुई लावा. एलपीच्या सुईचं टोक या रुंद खाचेत तळाला घासतं आणि तिथलीच घाण वाजवतं. पुष्कळ 'खराब' तबकड्या नुसती सुई बदलल्यावर सुधारतात.

मशीनमध्ये धुतल्यावर खरखर उलट वाढली. काय चुकलं?
*— एक वाचक, इचलकरंजी*

बहुतेक खळबळणं राहिलं. टाकीतून काढलेल्या रेकॉर्डवर सुटलेला मळ आणि ट्रायटन असलेलं पाणी असतं. ते तसंच वाळलं की सगळं पुन्हा खाचेत, आता चिकटून. नळाच्या पाण्याने खळबळलं असेल तर क्षार वेगळे: ३०० टीडीएसचं २ मिली पाणी एका बाजूवर वाळलं तर ०.६ मिलिग्रॅम क्षार मागे राहतात, आणि सुईला तेवढे पुरतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून पाहा, फिकट पांढुरके ओघळ दिसले तर हेच कारण.

उपाय: दुसऱ्या भांड्यात नुसतं डिस्टिल्ड वॉटर ठेवा आणि रेकॉर्ड टाकीतून काढल्या काढल्या, ओली असतानाच त्यात फिरवा. पाणी ओढून घेणारं व्हॅक्यूम मशीन असेल तर उत्तमच, कारण मळ पाण्याबरोबर बाहेर जातो. आमच्या मते अल्ट्रासॉनिक आणि व्हॅक्यूम यांपैकी एकच घ्यायचं झालं तर आधी व्हॅक्यूम घ्यावं. नसेल तर स्टँडवर उभ्या लावून पंख्याखाली वाळवा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एक रात्र जाऊ द्या. हाताला कोरडी लागणारी रेकॉर्ड खाचेत ओली असू शकते, आणि ती पाकिटात गेली की पंधरा दिवसांत बुरशी परत. जुनं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशीचं बी त्यातच असतं. आत पॉलिथिनचा थर असलेली नवी पाकिटं घ्या.

धुतल्यानंतर पहिल्यांदा वाजवलीत की बाजू संपल्यावर सुई भिंगातून पाहा. टोकाला करडी लव जमली असेल तर मळ सुटला आहे पण निघालेला नाही. ती रेकॉर्ड पुन्हा टाकीत घालायची गरज नाही. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळून वाळवा, सुई कोरड्या ब्रशने मागून पुढे पुसा आणि मग दुसऱ्यांदा लावा.