मुलीला पीएसएम हवंय, वडिलांना रेडिओलॉजी

प्रश्न : माझी मुलगी नागपूरच्या मेयो या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाली. सक्तीच्या सरकारी सेवेचं, म्हणजे बॉण्डचं वर्ष तिनं गडचिरोली जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. नीट पीजीच्या मार्कांवर रेडिओलॉजी मिळू शकते. पण ती म्हणते पीएसएमच (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याची शाखा) घेणार, पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात जाणार आणि आरोग्यातल्या विषमतेवर काम करणार. सरकारी दवाखाना सगळ्यांना सारखाच आहे, मग विषमता कसली? दिल्लीत बसून आकडे गोळा करण्यात एवढे मार्क वाया घालवायचे का? पीजी प्रवेशाच्या कौन्सेलिंगचा पासवर्ड माझ्याकडे आहे, चॉइस मीच भरणार आहे. तिला कसं समजवावं?
— एक वडील, मनीषनगर, नागपूर

उत्तर : पत्रातल्या पासवर्डच्या ओळीवर मी अडलो. मार्कांचा विचार नंतर. तुमची मुलगी नोंदणीकृत डॉक्टर आहे. वर्षभर तिच्या सहीवर पेशंट भरती झाले, रेफर झाले, मृत्यूचे दाखले निघाले. तिच्या पुढच्या तीस वर्षांचा फॉर्म तिच्या मागे भरण्याचा अधिकार तुम्हाला नाही. काळजीपोटी करताय हे कळतं, तरीही नाही. न मागितलेल्या ब्रांचमध्ये तीन वर्षं ड्युटी करताना रेसिडेंट किती खचतात, ते मी पाहिलंय. ‘कसं समजवावं’ असं विचारताय, पण ती असं का म्हणते हे तिला विचारलंत का? गडचिरोलीत तिनं काय पाहिलं, याबद्दल अख्ख्या पत्रात एक वाक्य नाही. आज रात्री जेवताना तेवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका.

आता तुमचा ‘सगळ्यांना सारखाच’ हा समज. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. विदर्भात हा आजार आदिवासी आणि काही दलित समाजांत जास्त दिसतो. आईवडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. मुलाची हाडं ठणकायला लागली की मनीषनगरातला बाप ऑटो करून मिहानच्या एम्समध्ये पोचतो. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या आतल्या गावातला बाप आधी गाडी शोधतो, भाड्यासाठी उसने पैसे घेतो आणि मजुरी बुडवून निघतो. केसपेपर दोघांचाही फुकट निघाला तरी उपचार सारखा झाला का? या आजारावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी जवळच्या केंद्रात मिळते की जिल्ह्याच्या ठिकाणी, यावर ते पोर शाळेत जाणार की खाटेवर पडून राहणार हे ठरतं. राज्याच्या सरासरीत हे पोर दिसतच नाही. आकडे जिल्ह्यानुसार, जातीनुसार, उत्पन्नानुसार फोडले तरच दिसतं. तुम्ही ज्याला ‘आकडे गोळा करणं’ म्हणता, ते काम हेच. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली. आधी कुठे जायचं, पैसा कुठे द्यायचा, हे देशपातळीवर कुणीतरी पाहावंच लागतं.

गडचिरोलीचंच दुसरं उदाहरण. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं 39 गावांत बायकांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. बालमृत्यू निम्म्याच्या आसपास आले आणि 1999 मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण 39 गावांवरून देशभर जायला राष्ट्रीय यंत्रणाच लागते. 2011 पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा वेळा जाते, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. अशा कामात तुमच्या मुलीचे मार्क वाया जातील, असं मला अजिबात वाटत नाही.

मुलीलाही दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. रोग नियंत्रण केंद्राचं मुख्य काम साथींवर नजर ठेवणं, प्रयोगशाळा चालवणं आणि माणसं तयार करणं हे आहे. विषमतेचं काम राष्ट्रीय आरोग्य अभियान, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राज्यांचे आरोग्य विभाग यांच्यात विखुरलेलं आहे. शिवाय आरोग्य हा राज्याचा विषय. दिल्ली निकष ठरवते, निधी देते, मोजमाप करते. भामरागडच्या दवाखान्यातली रिकामी जागा भरणं दिल्लीच्या हातात नसतं. हे माहीत नसताना गेलीस तर निराश होशील. दुसरं, पैसा. रेडिओलॉजीच्या मानानं कमाई कमीच राहील आणि बऱ्याच जागा कंत्राटी असतात.

मार्ग नेहमीचेच : एमडी कम्युनिटी मेडिसिन (म्हणजे पीएसएमच), किंवा एमपीएच ही सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. साथरोगशास्त्रात मुरायचं असेल तर रोग नियंत्रण केंद्राचा दोन वर्षांचा ईआयएस हा प्रशिक्षण कार्यक्रम किंवा चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा अभ्यासक्रम पाहा.

चॉइस लॉक होण्याआधी बापलेक दोघंही नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) पीएसएम विभागात जा. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारा, त्याच्या सीनियर्सना कुठे नोकरी लागली, पगार किती, कंत्राट किती महिन्यांचं. प्रश्न तुम्ही विचारा, यादी तिला भरू द्या.