दीर्घायुष्याचं शास्त्र शिकायचंय, पण गणित सोडायचंय

मिरजेहून एका आईचं पत्र आलंय. लेक अकरावी सायन्सला, दहावीला 94 टक्के. ब्रायन जॉन्सन या अमेरिकी धनाढ्याचे व्हिडिओ पाहून तिने ठरवलंय की म्हातारपण थांबवण्याचं शास्त्र शिकायचं. बाबा म्हणतात, नीट दे, नाहीतर बी.फार्म कर. 'लाँजेव्हिटी कोच' नावाचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स 45 हजारांना आहे, तो लावावा का? शिवाय गणित जड जातंय, ते सोडलं तर चालेल का? आणि अगदी शेवटी एक ओळ: 'सासूबाई 84 वर्षांच्या आहेत, काठीने चालतात, रात्री दोनदा उठवावं लागतं, म्हणून लिहायला उशीर झाला.'

ताई, नमस्कार.

कोर्सचं आधी सांगतो, कारण त्याला फार वेळ लागणार नाही. लावू नका. ते सर्टिफिकेट कुठलीही प्रयोगशाळा विचारणार नाही आणि कुठलं हॉस्पिटलही नाही. त्या पैशांत दोन वर्षं गणिताची चांगली शिकवणी होईल.

ब्रायन जॉन्सनबद्दल लेकीवर चिडू नका. या वयात कुणाच्या तरी वेडाने वेडं व्हायचंच असतं. फक्त गोष्ट पुढे वाचायला सांगा. 2023 मध्ये त्याने स्वतःच्या मुलाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, अंगात भरून घेतला आणि फायदा दिसत नाही म्हणून बंद केला. रॅपामायसिन नावाचं औषध तो बरीच वर्षं घेत होता, तेही दुष्परिणामांमुळे सोडलं. व्हिडिओत पहिला अर्धा भाग जास्त रंगतो, एवढंच.

त्या रॅपामायसिनची कहाणी मात्र तिने जरूर वाचावी. 1964 मध्ये निघालेल्या कॅनडाच्या एका मोहिमेने पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावरची माती आणली. त्या मातीतल्या जिवाणूपासून हे द्रव्य वेगळं काढणाऱ्यांत प्रमुख होते सुरेंद्रनाथ सहगल, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. शोधत होते बुरशीवरचं औषध. 1983 मध्ये त्यांच्या औषध कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरी आणून फ्रीजरमध्ये जपून ठेवला. 1999 मध्ये ते औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मंजूर झालं. 2003 मध्ये सहगल गेले. आणि 2009 मध्ये अमेरिकेत 600 दिवसांच्या, म्हणजे चांगल्या म्हाताऱ्या उंदरांना ते दिलं, तर माद्यांचं आयुष्य सुमारे 14 टक्के आणि नरांचं 9 टक्के वाढलं. माणसाचं आयुष्य त्याने वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. मला यातून तुमच्या लेकीला एवढंच दाखवायचंय की सहगल यांच्याकडे दीर्घायुष्याची पदवी नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्र पक्कं होतं. पदवीच्या पातळीवर वेगळी 'लाँजेव्हिटी' शोधू नका. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र यांतूनच तिकडे वाट जाते.

आणि ते काम रोज कसं असतं? 1993 मध्ये सिंथिया केनियन या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी एका सूक्ष्म कृमीचं एकच जनुक बदललेलं असलं तर तो दुप्पट जगतो हे दाखवलं. हा कृमी एरवी दोन-तीन आठवडेच जगतो, म्हणून प्रयोगाला सोयीचा. पण दुप्पट जगला हे कळतं कसं? संशोधक विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसते, हातात प्लॅटिनमची बारीक तार. बशीतल्या एकेका कृमीला हळूच टोचायचं. हलला तर जिवंत, नाही हलला तर मेला, वहीत नोंद. पुढच्या बशीत पुन्हा तेच. शेकडो कृमी, रविवार असो की दिवाळी. हे ऐकून तिचा चेहरा पडला तर तेही उत्तरच समजा. पडला नाही, तर बारावीनंतर आयसर या केंद्राच्या विज्ञानसंस्थांची आयएटी ही प्रवेशपरीक्षा द्यायची. पुण्यातच आयसर आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस. मग पीएचडीची पाच-सहा वर्षं, त्यात सुरुवातीची फेलोशिप महिन्याला 37 हजार अधिक घरभाडं. बाबांना हा आकडा सांगा. तिशीपर्यंत पैसा बेताचाच, हे लपवून उपयोग नाही.

आता गणित. आयएटीत जीव, रसायन, गणित, भौतिक यांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात. परीक्षेचं सोडा, उंदीर 14 टक्के जास्त जगले हे वाक्यच संख्याशास्त्राचं आहे. आणि वय वाढण्याचा दुसरा अर्धा भाग तर निव्वळ हिशेबाचा. 1951 च्या सुमारास आपल्याकडे जन्मवेळचं सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास होतं, आज ते 70 च्या घरात आहे. ही वाढ कुठल्या जादूच्या गोळीने झाली नाही. लसी, पाणी, सुखरूप बाळंतपण, यांनी झाली. पण पेन्शनचं गणित अजून मागेच: केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठी ते एकोणऐंशीच्या गरीब माणसाला केंद्राचा वाटा महिना 200 रुपये. माणसं आणखी दहा वर्षं जगली तर तो खर्च कोण उचलणार, निवृत्ती कितव्या वर्षी, विम्याचा हप्ता किती, हे ठरवणारी माणसं लागतात. मुंबईत देवनारला आयआयपीएस आहे, लोकसंख्याशास्त्राची संस्था. 'लासी' नावाच्या पाहणीत तिने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा केली, त्यांच्या मुठीची ताकद आणि चालण्याचा वेगसुद्धा मोजला. हे काम तुमच्या लेकीला आवडू शकेल, आणि तिला ते आहे हेच माहीत नसेल.

बाबांची नीटही टाकाऊ नाही. वृद्धांच्या आजारांत एमडी करता येतं, आणि महाराष्ट्रात फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. फिजिओथेरपीला आपल्याकडे उगाच दुय्यम मानतात. पडलेल्या म्हातारीला पुन्हा उभं करणं हे काय कमी दीर्घायुष्य आहे? नुसती वर्षं वाढली आणि अंग साथ देईना, तर तो अश्वत्थामाच. कपाळाला तेल मागत फिरणारा.

आता शेवटच्या ओळीविषयी. तुम्ही ती सबब म्हणून लिहिलीत, मी मात्र तिथेच थांबलो. म्हातारपणाचा देशातला सगळ्यात मोठा अभ्यास रात्री दोन वाजता सुनाच करत असतात, त्याची नोंद कुठे होत नाही. लेकीला त्यात घ्या. आजींना खुर्चीत बसवा, तीन मीटरवर खडूने रेघ ओढा. त्यांनी काठी घेऊन उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. लेकीने शेजारी चालायचं, सेकंद तुम्ही मोजायचे. 12 किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात आणि डॉक्टरांना दाखवायचं असतं. आठवड्यातून एकदा, दोन महिने, तिनेच तारखेनिशी वहीत लिहावं आणि आलेख काढावा. आजींशी बोलण्यात ती रमली, की आलेखात, की दोन्हींत, हे तुम्हाला माझ्याआधी कळेल. मग मला कळवा.

तोवर गणित सोडायचा अर्ज कॉलेजात देऊ नका.