सरळ रेघेला शॉक

प्रश्न : मालिकेत नायकाच्या मॉनिटरवरची रेघ सरळ होते, डॉक्टर शॉक देतात आणि तो डोळे उघडतो. मुलगा म्हणतो, असं काही नसतं. सूनबाई म्हणते, करमणूक आहे, गपचूप बघा. खरं कोणाचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलाचं. ३१ वर्षं मी सिस्टर होते, त्यातली निम्मी आयसीयूत गेली. रेघ सरळ झाली की शॉक देतच नाहीत. शॉक असतो तो वेडंवाकडं थरथरणाऱ्या हृदयासाठी. ती थरथर मोडली तर हृदय पुन्हा ताल धरेल, ही आशा. रेघच सरळ असेल तर छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि अ‍ॅड्रेनालिन द्यायचं. कोपरं ताठ, छाती निदान पाच सेंटिमीटर आत. दोन मिनिटांत माणूस बदलावा लागतो, इतकी दमछाक. कधी बरगडी मोडते, ते हाताला कळतं. मालिकेतला डॉक्टर मात्र कोपरं वाकवून कणीक तिंबतो. (नटाच्या बरगड्या मोडायच्या नाहीत, हे मान्य.)

मला जास्त खुपतं ते वेगळंच. कोमातल्या सासूबाईंची नथ जागच्या जागी, आयसीयूत अख्खं खानदान चपला घालून, आणि सलाइनच्या नळीतून एक थेंब पडत नाही. परवा मी ओरडलेच, "अगं, आधी नळीवरची ती चकती उघड!"

सूनबाईंना सांगा, रात्री आठला मीही टीव्हीसमोरच असते. आमचे हे रिमोट लपवून ठेवतात.