आधी खोली कागदावर पाडा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेर तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची चार खोल्यांची जुनी कौलारू शाळा, पट 84. दोन खोल्या गळतात, त्यातल्या एकीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. मुख्याध्यापक म्हणतात निधी नाही, गाव म्हणतं वर्गणी काढून स्लॅब टाकू. मी आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत बरीच वर्षं काढली, त्यातली निम्मी चुका करण्यात. वर्गणी सध्या थांबवा.

आमची चूक ऐका. अशीच एक पडकी खोली होती. एका रविवारी गावातली पोरं जमली, कौलं उतरवली, भिंती पाडल्या, सागाची लाकडं मंदिराच्या मंडपाला गेली. सगळे खूश. पण खोली जिल्हा परिषदेच्या मालकीची आणि तिचं निर्लेखन, म्हणजे दप्तरातून रीतसर कमी करणं, झालेलंच नव्हतं. जागेवर मातीचा ढीग, दप्तरात मात्र खोली ठणठणीत उभी! नव्या खोलीची मागणी दोनदा परत आली, कारण कागदावर आमच्याकडे खोल्या पुरेशा होत्या. वर लेखापरीक्षणात लाकडांचा हिशोब विचारला तो मुख्याध्यापकांना. मंडपाखाली जेवलेल्या गावाला कोणी विचारलं नाही.

आता तुमचं गणित मांडा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 61 ते 90 पटाला तीन शिक्षक आणि शिक्षकामागे निदान एक खोली. तुमच्या नावावर चार खोल्या आहेत तोवर पाचवी कोण देणार? दोन्ही धोकादायक खोल्या निर्लेखित झाल्या की उरतात दोन, आणि एका खोलीची तूट कागदावरच दिसायला लागते. त्यासाठी समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा दाखला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एक कौलही हलवू नका. तोवर भेगेच्या खोलीला कुलूप लावा, पोरं समाजमंदिरात बसली तरी चालतील.

गळणारी दुसरी खोली मात्र पाडायची की दुरुस्त करायची, हे अभियंत्यालाच ठरवू द्या. कौलं चाळून आणि चार वासे बदलून भागत असेल तर ती निर्लेखनात टाकणं म्हणजे चांगल्या भिंती फुकट घालवणं.

कागद सुधारायची दुसरी जागा यू-डायस, म्हणजे शाळेची दरवर्षी भरायची सरकारी माहिती. त्यात वर्गखोल्यांची स्थिती भरावी लागते: किती चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या. बरेच जण मागच्या वर्षीचंच पुढे ढकलतात. काहींना ‘मोठी दुरुस्ती’ लिहिलं की आपलीच बदनामी वाटते. शाळांना निधी देणाऱ्या समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं नियोजन याच माहितीच्या आधाराने होतं. चारही खोल्या ‘चांगल्या’ लिहून पुन्हा निधी नाही म्हणायचं, हे मला कधी कळलं नाही.

पैशाचं सांगतो. 31 ते 100 पटाला समग्र शिक्षाचं शाळा अनुदान वर्षाला 25 हजार. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेला, उरलेल्यात वीजबिल आणि किरकोळ खर्च. कौलं चाळण्यापुरतं काही शिल्लक राहिलं तर नशीब. मोठी दुरुस्ती जिल्हा वार्षिक योजनेतून होते, आणि तिथे मार्च जवळ आला की ज्याचं अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेसह तयार, त्याचं काम पुढे सरकतं. म्हणून अभियंत्याला दिवाळीआधीच शाळेवर आणा. आमच्याकडचे एक आजोबा म्हणायचे, ‘पैसा येतीन, पन कागद कोन करी?’

संडास, हातधुणी, पाण्याची टाकी हे या प्रस्तावात कोंबू नका. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 साठी ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. ही कामं ग्रामपंचायतीच्या निधीतून, गावाच्या आराखड्यात घालून. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या किंवा चोपडा-यावलच्या पेसा गावांना (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या) आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधीही असतो, तुमच्या अमळनेरला नाही. आणि वळवाच्या वादळात कौलं किंवा पत्रे उडाले तर तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) लगेच पंचनामा करून घ्या. आठवडाभराने गेलात तर कोणी मानत नाही.

कंपन्यांचा सामाजिक निधीही मिळू शकतो. 2013 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के असे खर्चावे लागतात. पण आम्ही एका कंपनीकडे गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, जागा कोणाच्या नावावर? आमची जागा कोण्या पाटलांनी तोंडी दिलेली, सातबाऱ्यावर अजून त्यांचेच वारस. तुमचा उतारा आजच बघून ठेवा.

राहिला स्लॅब. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर स्लॅबचं ओझं टाकायचंच नाही, वर्गणी कितीही जमो. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. भेगेचा फोटो मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये, शेजारी मोजपट्टी धरून काढा. भेग मिटून पुन्हा उघडत असेल तर दोष बहुधा पायाखालच्या मातीचा. तसं निघालं तर भिंतीलगत फरशी आणि पाणी लांब नेणारी गटार करून घ्या. गावाची वर्गणी लावायची तर इथे लावा, अभियंत्याला दाखवून.

मुख्याध्यापकांकडून या वर्षीचं यू-डायस प्रपत्र मागून घ्या आणि खोल्यांच्या रकान्यात काय भरलंय ते मला कळवा. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.