मडलेटमध्ये (नुसत्या मजकुरावर चालणारे ऑनलाईन गेम खेळायचं सॉफ्टवेअर) गेममधल्या गड्याला भूक लागली की आपोआप खाण्याचा ट्रिगर कसा लावायचा?

भाऊ, वावरातल्या मोटरीला ऑटो लावतो ना, लाईन आली की मोटर आपोआप चालू? ट्रिगर म्हणजे तेच. 'ट्रिगर्स' उघड, नवीन आयटम घे. पॅटर्नमध्ये गेमची ओळ इंग्रजीत जशीच्या तशी टाक, 'यू आर हंग्री.', पूर्णविरामासकट. कमांडच्या रकान्यात 'ईट ब्रेड'. सेव्ह, ॲक्टिव्हेट, झालं.

घोळ होतो पॅटर्नच्या प्रकारात. 'सबस्ट्रिंग' ठेवलं तर ते शब्द ओळीत कुठंही आले तरी ट्रिगर उडतो. दुसऱ्या खेळाडूनं मुद्दाम तेच म्हटलं की तुझा गडी खात सुटतो. माझी अख्खी शिदोरी अशीच संपली. 'एक्झॅक्ट मॅच' निवड. आणि ट्रिगरच्या भरवशावर रात्री ओलिताला निघून जाऊ नको, गैरहजेरीत बॉट चालवला तर बऱ्याच गेममध्ये बंदी येते.